वीज आली, प्रिंटर सुरू, तरी प्रिंट जात नाही: एंजिनएक्स आणि कप्सची जोडी नीट बसवताना

नवी पेठ, सदाशिव पेठ, अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूच्या गल्ल्या. या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांचं आणि अभ्यासिकांचं नेटवर्क बघणाऱ्यांना एक तक्रार ठरावीक वारी येते. पुण्यात बऱ्याच भागांत देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात. वीज परत येते, प्रिंटरचा हिरवा दिवा लागतो, संगणकही आपोआप सुरू होतो. संध्याकाळी मुलं चालू घडामोडींच्या नोट्स पाठवायला लागली की दुकानातून फोन: "दादा, प्रिंटर परत गेला बघा."

प्रिंटर गेलेला नसतो. त्याच्याच बटणांवरून चाचणीचं पान काढलं तर स्वच्छ निघतं. मग कोणीतरी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतं, राउटर बंद-चालू करतं, त्यात काहीतरी जुळून येतं आणि काम सुरू होतं. नक्की कशामुळे सुरू झालं हे कोणालाच कळत नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच फोन. दुकानदाराचा ऐन गर्दीचा तास जातो आणि उद्याच्या पेपरचं मुलांचं वाचन अडतं. हे थांबवता येतं, पण त्यासाठी ड्रायव्हरला हात लावणं सोडून लॉग वाचायला हवा.

इथे ज्या मांडणीबद्दल लिहितोय ती अशी: पुढे एंजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्याच्या मागे कप्स, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर, आणि कप्सच्या मागे एक किंवा दोन लेझर प्रिंटर. दुकानाच्या दुसऱ्या शाखेतून किंवा अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवरून प्रिंट येते ती एचटीटीपीएसने, ४४३ या पोर्टवर. आदेशांची नावं सगळी देवनागरीत लिहिली आहेत. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची. एंजिनएक्सची नावं लहान अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर देऊन. कप्सची नावं सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

प्रिंट म्हणजे शेवटी एक पोस्ट रिक्वेस्ट

कप्स १९९९ साली आलं. त्याच सुमारास आयपीपी म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती आली, २००० मध्ये १.१ आली, आणि सध्या जे लिखित मानक चालतं ते जानेवारी २०१७ चं, आरएफसी ८०१० आणि ८०११. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की आयपीपी हा एचटीटीपीच्या अंगावरच बसवलेला आहे. प्रिंट पाठवणं म्हणजे एका पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट करणं. कंटेंट टाइप 'ॲप्लिकेशन/आयपीपी', नेहमीचा पोर्ट ६३१. कप्स स्वतःच एक छोटा वेब सर्व्हर आहे. म्हणून त्याच्यापुढे एंजिनएक्स उभा करता येतो, आणि म्हणूनच वेबसाइटसाठी लिहिलेलं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं चिकटवलं की प्रिंटिंग फसतं.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एचटीटीपी हे पाकीट आहे आणि आयपीपी हे आतलं पत्र. पाकीट पोचलं की एंजिनएक्सच्या लॉगमध्ये २००, म्हणजे 'ठीक' असा आकडा, दिसतो. पण पत्राला नकार मिळाला असेल तर तो नकार उत्तराच्या आत असतो, एंजिनएक्सला तो दिसतच नाही. त्यामुळे 'सर्व्हरवर तर २०० येतोय' हे ऐकून समाधान मानू नका. कप्सचा ॲक्सेस लॉग उघडा. त्यातल्या ओळीच्या शेवटी दोन जादा शब्द असतात: आधी कोणती क्रिया मागितली तिचं नाव, मग तिचा निकाल. 'प्रिंट-जॉब सक्सेसफुल-ओके' असेल तर काम खरंच रांगेत लागलं. 'क्लायंट-एरर-नॉट-फाउंड' असेल तर पाकीट पोचलंय, पण पत्रात लिहिलेल्या नावाचा प्रिंटर कप्सकडे नाही.

हा दुसरा प्रकार बहुतेक वेळा रस्त्याचं नाव बदलल्यामुळे होतो. एंजिनएक्समध्ये सुबक दिसावं म्हणून लोक बाहेर 'स्लॅश प्रिंट' ठेवतात आणि आत ते 'स्लॅश प्रिंटर्स स्लॅश अमुक' असं वळवतात. पण क्लायंटने, म्हणजे प्रिंट पाठवणाऱ्या संगणकाने, प्रिंटरचा पूर्ण पत्ता पत्रातही लिहिलेला असतो, प्रिंटर-यूआरआय या नावाने, आणि तो एंजिनएक्स बदलत नाही. बाहेरचा आणि आतला रस्ता जुळलाच पाहिजे. बाहेरही 'स्लॅश प्रिंटर्स स्लॅश' हेच ठेवा आणि प्रॉक्सी पासच्या, म्हणजे रिक्वेस्ट मागे कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या आदेशाच्या, पत्त्यात पोर्टनंतर काहीही लावू नका, शेवटचा स्लॅशसुद्धा नको.

एंजिनएक्सला मधे आणायचंच कशाला, थेट ६३१ उघडून द्या, असं सांगणारे भेटतात. देऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातल्या कप्स-ब्राउज्ड या सेवेतल्या त्रुटी जाहीर झाल्या. ती सेवा यूडीपी ६३१ वर कोणाचाही निरोप विश्वासाने घेत होती, आणि इतर त्रुटींशी जोडून त्यातून बाहेरच्या माणसाला मशिनवर आदेश चालवता येत होते. दुकानाच्या सर्व्हरवर तिची गरज नसते, बंदच करा. टीसीपी ६३१ ही बाहेर उघडा नको. पासवर्ड, प्रमाणपत्र, कोणाला आत घ्यायचं हे सगळं एका जागी, एंजिनएक्समध्ये, ठेवलेलं बरं.

गुरुवारी नक्की काय होतं

वीज एकदम येते, पण सगळी यंत्रं एकदम तयार होत नाहीत. एसएसडी टाकलेला जुना डेस्कटॉप बघता बघता उठतो. राउटर त्याच्या मागे असतो. तो उठल्यावर पत्ते वाटायला आणि नावं सांगायला लागतो. लेझर प्रिंटर सगळ्यात शेवटी. या क्रमातून तीन वेगवेगळे बिघाड निघतात आणि तिन्हींना दुकानात एकच नाव आहे, 'प्रिंटर गेला'.

पहिला बिघाड एंजिनएक्सचा. प्रॉक्सी पासमध्ये कप्सच्या मशिनचं नाव लिहिलेलं असेल आणि एंजिनएक्स सुरू होताना त्या नावाचा पत्ता सापडला नाही, तर तो सुरूच होत नाही. त्याच्या एरर लॉगमध्ये स्वच्छ ओळ असते: 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम'. राउटर नंतर उठला तरी डेबियन-उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत एंजिनएक्स स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही, मेलेलाच राहतो. ओळखायची खूण अशी की प्रिंटच नव्हे तर त्याच सर्व्हरवरची दुकानाची वेबसाइटही बंद असते.

दुसरा बिघाड जास्त फसवा. एंजिनएक्स सुरू झाला, नावाचा पत्ताही सापडला. पण प्रॉक्सी पासमध्ये साधं नाव असेल तर एंजिनएक्स तो पत्ता सुरुवातीला एकदाच विचारतो आणि रीलोड होईपर्यंत तोच धरून बसतो. नंतर कप्सच्या मशिनला राउटरने दुसरा पत्ता दिला तरी एंजिनएक्स जुन्याच दारावर थापा मारत राहतो. टर्मिनलमध्ये पिंग केलं तर नाव बरोबर लागतं, ब्राउझरमध्ये मात्र ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरशी बोलणं जमलं नाही. इथे एरर लॉगमधल्या कंसातला आकडा वाचायची सवय लावा. १११ म्हणजे 'कनेक्शन रिफ्यूज्ड': मशिन जागं आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, म्हणजे कप्स बंद आहे. ११३ म्हणजे 'नो रूट टू होस्ट': त्या पत्त्यावर मशिनच नाही. ११० म्हणजे वाट बघून वेळ संपली. तेव्हा ग्राहकाला ५०२ ऐवजी ५०४ दिसतो. या तीन आकड्यांवरून दुकानात न जाता, फोनवरच निम्मं निदान होतं.

तिसरा बिघाड कप्स आणि प्रिंटरच्या मधला. बऱ्याच स्वस्त राउटरना वीज गेली की आधी कोणाला कोणता पत्ता दिला होता ते आठवत नाही. मुलांचे फोन आधी जोडले जातात, प्रिंटर मागून येतो, आणि कालपर्यंत प्रिंटरचा असलेला पत्ता कोणाच्या तरी फोनला जातो. कप्सच्या दृष्टीने प्रिंटर उत्तर देत नाही. रांगेची एरर पॉलिसी 'स्टॉप-प्रिंटर' असेल तर पहिल्याच अपयशाला रांग थांबते आणि पत्ता पुन्हा जुळला तरी ती थांबलेलीच राहते. राउटर बंद-चालू केल्यावर कधी काम सुरू होतं आणि कधी होत नाही, त्याचं कारण हेच.

तपासायचं कसं? कप्सच्या मशिनवर 'एलपीस्टॅट -व्ही' चालवा; प्रत्येक रांग कोणत्या पत्त्याला जोडलेली आहे ते दिसतं. प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या नेटवर्कच्या पानावर आत्ताचा पत्ता असतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. नंतर 'एलपीस्टॅट -पी': रांग 'डिसेबल्ड' असेल तर 'कप्सएनेबल' आणि रांगेचं नाव. एवढ्याने अडकलेली कामं धडाधड निघायला लागतात, तेव्हा आधी ट्रेमध्ये कागद आहे ना बघा आणि नको असलेली कामं रद्द करा.

कायमचा उपाय तीन ठिकाणी करावा लागतो आणि तिन्ही केले तरच गुरुवार सुटतो.

राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) टाकून त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवा, कप्सच्या मशिनसाठीही. राउटर कोणाचा आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे यावर बऱ्याचदा हे काम अडतं. इंटरनेटवाल्याला एकदा बोलावून करून घ्या. प्रिंटरच्या पडद्यावरून हाताने पत्ता देणं हा पर्याय आहे, पण मग तो राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा द्या, नाहीतर राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देईल आणि दोघांची टक्कर होईल. ती शोधणं सगळ्यात कटकटीचं.

एंजिनएक्समध्ये नावाऐवजी राखून ठेवलेला पत्ताच लिहा, किंवा नाव हवंच असेल तर ते सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये टाका, म्हणजे राउटरला विचारायची वेळ येत नाही. शिवाय सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेत, एंजिनएक्सच्या सेवेला 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्ट सेक' १० असं लिहून ठेवा. त्यासाठी 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. मूळ फाइलमध्ये बदल करू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचा बदल पुसला जातो.

आणि कप्समध्ये रांगेची एरर पॉलिसी 'रीट्राय-जॉब' करा. प्रिंटर उशिरा उठला तरी कप्स थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो आणि माणसाने हात लावायची गरज राहत नाही.

एक जोडबिघाड याच गटातला आहे. काही मांडण्यांमध्ये कप्स मागणीनुसार सुरू होतो आणि ६० सेकंद काम नसलं की स्वतःहून बंद होतो. स्थानिक सॉकेटवरून मागणी आली की तो उठतो, पण ६३१ पोर्टवर आलेली हाक त्याला ऐकू येत नाही. मग सकाळची पहिली प्रिंट ५०२ देते, कोणीतरी सर्व्हरवरच बसून काहीतरी छापतं आणि त्यानंतर थोडा वेळ सगळं चालतं. लॉगमध्ये १११ दिसेल. कप्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'आयडल एक्झिट टाइमआउट ०' लिहा, प्रश्न मिटतो.

४१३: छोटी फाइल जाते, मोठी नाही

ही तक्रार अशी येते: 'अर्ज जातो, नोट्स जात नाहीत.' एंजिनएक्समध्ये रिक्वेस्टच्या आकाराची मर्यादा मुळात १ एमबी असते. त्याहून मोठं काही आलं की ४१३, आणि एरर लॉगमध्ये 'क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी'. बरेच क्लायंट हा आकडा दाखवतच नाहीत, नुसतं 'प्रिंटिंग एरर' म्हणतात.

लोक इथे अडतात ते फाइलचा आकार बघून. 'पीडीएफ तर ७०० केबीची आहे, मर्यादेत बसते की!' पण वाटेवर पीडीएफच जाईल असं नाही. काही क्लायंट पानाचं चित्र बनवून पाठवतात. ए४ पान ६०० डीपीआयने रंगवलं तर सुमारे ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरला तर एका कृष्णधवल पानाचे न दाबलेले ३५ एमबी होतात; रंगीत असेल तर तिप्पट. पाठवताना ते दाबलं जातं, आणि पांढरी जागा जास्त असलेलं पान खूपच आक्रसतं. पण स्कॅन केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, ज्यांच्या मागे राखाडी डाग असतात, त्या फारशा आक्रसत नाहीत. म्हणून टाइप केलेल्या नोट्स जातात आणि स्कॅन अडतात.

'स्लॅश प्रिंटर्स' या लोकेशनपुरतं 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ३०० एमबी करा. ० लिहिलं तर मर्यादाच उठते. नुसत्या दुकानातल्या नेटवर्कवर ते चालेल, पण सर्व्हर बाहेरून दिसत असेल तर मी ० ठेवणार नाही. संपूर्ण सर्व्हरची मर्यादाही वाढवू नका, वेबसाइटच्या संपर्काच्या फॉर्मला ३०० एमबी कशाला हवेत?

मर्यादा वाढवली की दुसरी बाजू बघावी लागते. एंजिनएक्स मुळात पूर्ण रिक्वेस्ट आधी स्वतःच्या तात्पुरत्या फाइलमध्ये घेतो आणि मगच मागे पाठवतो. ती डिस्क भरली असेल तर ५०० येतो आणि लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. 'प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग' बंद करून डेटा थेट पुढे सोडता येतो, पण अनेक क्लायंट लांबी आधी न सांगता तुकड्या-तुकड्यांनी पाठवतात आणि त्या तुकड्यांसाठी 'प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन' १.१ असावं लागतं. नाहीतर बफरिंग बंद लिहूनही ते होतच राहतं. माझं मत: बफरिंग चालू ठेवा. मोबाइलच्या डेटावरून रेंगाळत येणारी फाइल एंजिनएक्सने सांभाळावी, कप्सला पूर्ण झालेलीच द्यावी. डिस्कवर जागा मात्र राखा.

४००: होस्टचा घोळ

या जोडीतला सगळ्यात चिवट प्रश्न हाच आहे, आणि याच्यावर लोक दिवसच्या दिवस घालवतात.

एंजिनएक्स मागे रिक्वेस्ट पाठवताना होस्ट हेडरमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट कोणत्या सर्व्हरसाठी आहे ते सांगणाऱ्या ओळीत, मुळात प्रॉक्सी पासमधलाच पत्ता लिहितो, समजा १२७.०.०.१ (मशिनचा स्वतःपुरता पत्ता) आणि ६३१. कप्स तो स्वीकारतो. पण क्लायंटने प्रिंटरची माहिती विचारली की कप्स उत्तरात प्रिंटरचा पत्ता याच होस्टवरून बनवून देतो. म्हणजे कोथरूडच्या शाखेतल्या लॅपटॉपला सांगितलं जातं की तुझा प्रिंटर १२७.०.०.१ वर आहे. तो लॅपटॉप स्वतःच्याच आत प्रिंटर शोधतो. जोडणी होते, प्रिंट होत नाही.

हे कळल्यावर माणूस खरं होस्टनाव पुढे पाठवायला लागतो, आणि कप्स ४०० देतो, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची ठरवतो. कप्सच्या एरर लॉगमध्ये 'इनव्हॅलिड होस्ट फील्ड' अशी तक्रार असते. ही मुद्दाम घातलेली सुरक्षा आहे. बाहेरच्या एखाद्या वेबपानाने भलत्या नावाने तुमच्या कप्सशी बोलू नये म्हणून. त्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे 'सर्व्हर अलायस' मध्ये ते नाव टाका. टाकतो, कप्स रीस्टार्ट करतो, तरी ४०० च.

कारण असं आहे: रिक्वेस्ट लूपबॅकवरून, म्हणजे १२७.०.०.१ वरून आली तर कप्स अलायसची यादी बघतच नाही. त्या वाटेने फक्त 'लोकलहोस्ट' आणि त्याचे आकडी पत्ते एवढीच नावं चालतात. एंजिनएक्स आणि कप्स एकाच मशिनवर असले की नेमकी हीच वाट वापरली जाते.

उपाय सरळ आहे. कप्सला मशिनच्या दुकानातल्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर, समजा १९२.१६८.१.१०, ऐकायला सांगा: 'लिसन' आणि तो पत्ता, पोर्ट ६३१. एंजिनएक्सचा प्रॉक्सी पासही तिकडेच वळवा. आता रिक्वेस्ट लूपबॅकवरून आलेली दिसत नाही, अलायसची यादी लागू होते. 'सर्व्हर अलायस' मध्ये तुमचं खरं नाव लिहा. ताऱ्याची खूण टाकून सगळी नावं उघडी करू नका. 'प्रॉक्सी सेट हेडर' ने होस्ट पाठवताना त्यात पोर्टही, म्हणजे ४४३, जोडा. होस्टमध्ये पोर्ट नसेल तर कप्स उत्तरातल्या पत्त्याला स्वतःचा ६३१ लावतो, आणि तो तर आपण बाहेरून बंद ठेवलाय. शेवटी कप्सच्या 'लोकेशन' मध्ये फक्त या एका पत्त्याला 'अलाउ' द्या, नाहीतर ४०० जाऊन ४०३ (परवानगी नाही) येईल.

४२६ दिसला तर कप्स एन्क्रिप्शन मागतोय. बाहेरची वाट एंजिनएक्सने एन्क्रिप्ट केलेलीच आहे, आतल्या त्याच मशिनवरच्या टप्प्यासाठी 'डिफॉल्ट एन्क्रिप्शन इफ रिक्वेस्टेड' पुरतं.

पासवर्ड आणि ॲडमिनचं पान

एंजिनएक्स मधे आला की कप्सला प्रत्येक रिक्वेस्ट एकाच पत्त्यावरून आलेली दिसते. कोण आतला, कोण बाहेरचा हे कप्सला कळत नाही. त्याचे सगळे पत्त्यांवरचे नियम निरुपयोगी होतात. म्हणून पूर्ण कप्स बाहेर दाखवू नका. फक्त 'स्लॅश प्रिंटर्स स्लॅश' पुढे जाऊ द्या. 'स्लॅश ॲडमिन' आणि 'स्लॅश जॉब्स' बाहेरून आले तर ४०४. काही क्लायंट 'स्लॅश जॉब्स' ला काम रद्द करायला हाक मारतात, तेवढी सोय जाते. मला ती किंमत मान्य आहे.

पासवर्ड एंजिनएक्सच्या 'ऑथ बेसिक' नेच विचारा. कप्सवर सोडला तर एंजिनएक्स क्लायंटला 'पाठव पुढे' म्हणतो, पूर्ण फाइल येते, मग मागून ४०१ (पासवर्ड हवा) येतो आणि तीच फाइल पुन्हा पाठवावी लागते. एंजिनएक्स विचारतो तेव्हा नकार फाइल घेण्याआधीच मिळतो. आणि पुढे पाठवताना ऑथरायझेशनचं हेडर रिकामं करा. नाहीतर कप्स तोच पासवर्ड मशिनवरच्या युजरशी ताडून बघायला जातो आणि लॉग नापास झालेल्या प्रयत्नांनी भरतो.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं असेल तर ते ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट हा प्रोग्राम ते वेळेवर नवं आणतो, पण एंजिनएक्स रीलोड झाला नाही तर जुनंच दाखवत राहतो. नूतनीकरणानंतर रीलोड करणारा हुक आहे का एवढं बघून ठेवा.

५०४ आणि दोनदा निघालेल्या नोट्स

काही जण कप्स टाळून एंजिनएक्सवरून थेट प्रिंटरच्या 'स्लॅश आयपीपी स्लॅश प्रिंट' वर जातात. आजचे बरेच प्रिंटर ते बोलतात, त्यामुळे पहिली चाचणी झकास होते. पण प्रिंटरची मेमरी थोडी. तो छापत छापत डेटा घेतो. ट्रेमधला कागद संपला की घेणं थांबतं. एंजिनएक्सची पुढे पाठवण्याची मुदत मुळात ६० सेकंद. कामावरचा मुलगा रिम फोडून कागद भरेपर्यंत ती संपते, ५०४ येतो, निम्म्या नोट्स छापून काम तुटतं. मधे कप्स ठेवायचं खरं कारण हे आहे: तो पूर्ण काम आधी स्वतःकडे घेतो, लगेच 'मिळालं' सांगतो आणि प्रिंटरची वाट स्वतः बघतो.

कप्स असूनही मशिन जुनं आणि फाइल अवजड असेल तर उत्तर उशिरा येऊ शकतं. तेव्हा होणारं नुकसान पैशाचं असतं. कप्सने काम घेतलेलं असतं, पण एंजिनएक्सने कंटाळून ५०४ दिलेला असतो. क्लायंटला वाटतं काम गेलंच नाही, तो पुन्हा पाठवतो. जाडजूड नोट्सच्या दोन प्रती निघतात आणि त्या दुसऱ्या प्रतीचे पैसे कोण देणार यावरून काउंटरवर वाद होतो. विद्यार्थी खोटं बोलत नसतो, दुकानदारही नाही. 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' आणि 'प्रॉक्सी सेंड टाइमआउट' ३०० सेकंद करा. वाद झालाच तर कप्सचा ॲक्सेस लॉग उघडून दाखवा: एकाच रांगेवर 'प्रिंट-जॉब सक्सेसफुल-ओके' च्या दोन ओळी लागोपाठ आणि त्याच मिनिटाला एंजिनएक्समध्ये ५०४.

छापून झाल्यावर फाइल कुठे राहते

हा बिघाड नाही, पण या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुकानात नोट्सइतकीच आधार कार्डं, गुणपत्रिका, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं छापली जातात. कप्स मुळात छापलेल्या कामाची फाइल एक दिवसापर्यंत, ८६४०० सेकंद, आपल्या स्पूलच्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्यात 'सी' ने सुरू होणाऱ्या फाइलीत कामाची माहिती असते आणि 'डी' ने सुरू होणारी म्हणजे तो कागदच. सर्व्हरवर प्रशासकाचा पासवर्ड असलेल्या कोणालाही ती उघडता येते, आणि दुकानांमध्ये तो पासवर्ड बऱ्याचदा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स नो' लिहा. पुन्हा छापायची सोय जाते, पण माणूस समोरच उभा असतो, तो पुन्हा पाठवेल. कामांची नोंद, म्हणजे कोणी केव्हा किती पानं, ती 'पेज लॉग' मध्ये ठेवता येते; तो मुळात बंद असतो, 'पेज लॉग फॉरमॅट' लिहून चालू करा. हिशेबाला तेवढं पुरतं.

गुरुवारची वाट बघू नका

सगळे बदल झाल्यावर दुकान बंद व्हायच्या वेळी एक रंगीत तालीम करा. चालू संगणक नीट शटडाउन करा, मग मेन स्विच पाडा. राउटर, सर्व्हर, प्रिंटर सगळं एकदम बंद झालं पाहिजे. यूपीएसवर काही असेल तर तेही. थोडं थांबून स्विच वर करा आणि कशालाही हात लावू नका. दुकानातल्याच नव्हे, बाहेरच्या नेटवर्कवरच्या लॅपटॉपवरून स्कॅन केलेली जाड फाइल पाठवा. हवं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. प्रिंटर गरम होण्याआधीच पाठवा, म्हणजे कप्स वाट बघतो की रांग थांबवतो तेही कळेल. पान बाहेर आलं की 'एलपीस्टॅट -पी' मध्ये रांग चालू आहे ना ते बघा आणि ॲक्सेस लॉगमध्ये त्या कामाची 'प्रिंट-जॉब' ची एकच ओळ आहे ना ते मोजा. दोन असतील तर टाइमआउट अजून कमी पडतोय.